बाबीनवरच्या खुणा

“सूनबाई, गिरणीनं तेल तोडलंय. वर्ष काढायची नाही ती.”

सासूबाई हे बोलल्या तेव्हा सून लग्न होऊन आलेली चार महिन्यांची होती, आणि सकाळपासून तिला मळमळत होतं. सासूबाई सूतगिरणीत तेलवाली. लांब चोचीची झारी घेऊन चात्यांच्या रांगांमधून हिंडायचं आणि जे जे फिरतं त्याला त्याच्या वाटचं तेल पाजायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्या दिवशी भांडारातून दोन झाऱ्यांऐवजी एकच मिळाली होती.

सून पदवीधर. ती हसली. “अहो आई, परवाच गेटला नवा रंग दिलाय. बंद करायची असती तर रंगावर कशाला पैसे घातले असते?”

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. ती त्यांची सवयच होती. समोरचा बोलायला लागला की नजर त्याच्या ओठांवर. सुनेला वाटायचं, शब्दात पकडायला बघतात.

“रंग बघणाऱ्यासाठी असतो,” त्या म्हणाल्या. “तेल यंत्रासाठी. ज्याला चालवायचंय तो तेल तोडत नाही.”

सुनेनं ते कानाआड केलं. तेवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच महिन्यात, गिरणीतच कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याला शीतगृहात हिशेबनिसाची जागा चालून आली होती, आणि “चांगली चालती गिरणी सोडून कुठे जाता” असं म्हणून तिनंच ती घालवली.

दहाव्या महिन्यात गिरणीला कुलूप लागलं. मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती.

आणि कुलूप लागलं तेही कुठल्या दिवसांत? पावसानं दोन वर्षं तोंड फिरवलेलं. विहिरींचे तळ दिसत होते, नळाला चार दिवसांनी करंगळीएवढी धार. नवरा आठ तासांवरच्या शहरात इमारतीच्या कामावर गेला. एका खोलीत सहा जण, झोपायचं पाळीपाळीनं. महिन्याभरानं आला तेव्हा त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. जेवताना मान खाली घालून म्हणाला, “वर्षभर बघू. पुढच्या उन्हाळ्याच्या आत इथं काही जमलं नाही तर घराला कुलूप लावू. सगळेच तिकडे जाऊ.”

“तुम्ही जा,” सासूबाई म्हणाल्या. “मी कुलपाच्या आतल्या बाजूला राहीन.”

कुणी हसलं नाही. त्यांनी विनोद केला की शपथ घेतली, ते सुनेला कळलं नाही.

वर्ष सरत आलं. सासूबाई भाजी निवडायच्या शेडमध्ये रोजावर जात, सून मुलीला कडेवर मारून टँकरच्या रांगेत हंडे पुढे सरकवी. मग एका सकाळी रांगेतच बातमी आली. धरणापासून गावापर्यंत नवी पाण्याची योजना पुरी झाली होती. पंपघरात सहा पंप, आणि ते चालवायला सहा माणसं हवी होती. गावातली मिळाली तर गावातली, पण प्रत्येकाकडे पंपचालकाचं सरकारी प्रमाणपत्र पाहिजे.

संध्याकाळी सुनेनं सांगितलं तेव्हा सासूबाई पाय धूत होत्या. तांब्या हातात तसाच राहिला.

“फिरणारंच यंत्र ना?” त्या म्हणाल्या.

*

प्रशिक्षण केंद्र बसस्थानकामागे होतं. सोबत बाबीनवालीही आली. गिरणीत सूत गुंडाळायच्या बाबिनी वाटणारी, सासूबाईंची वीस वर्षांची जोडीदारीण. चणीनं बुटकी, डाव्या करंगळीचं वरचं पेर यंत्रात गेलेलं, आणि जीभ तेल न घालताही चालणारी.

खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “वय?”

दोघी गप्प. सुनेनं सासूबाईंना कोपरानं खुणावलं. “वय विचारतायत.”

“त्रेपन्न.”

“हिचं?” आता त्यानं वर पाहिलं.

“चोपन्न,” बाबीनवाली म्हणाली. “पण अंधारात कमी दिसते.”

“मर्यादा पंचेचाळीस. शिक्षण दहावी. पुढचा.”

झालं. पाऊण तास रांग, अर्धं मिनिट खिडकी. बाबीनवालीनं आपला कोरा अर्ज चार घड्या करून पिशवीत घातला. रस्त्यावर आल्यावर तिनं पिशवीतून एक लाकडी बाबीन काढली. वीतभर लांब, हाताळून हाताळून काळी चकचकीत झालेली.

“धर. आपली दोघींची आहे, तू सांभाळ. मला आता कुठलं यंत्र चाटायचंय?”

पुढच्याच आठवड्यात ती घर सोडून गेली. कुणी म्हणे भाचीकडे, कुणी म्हणे वीटभट्टीवर. फोन लागेना.

बाबीन घरात आली ती मुलीच्या हाती पडली. तिला दाढा येत होत्या. सुनेनं पाहिलं तर पोर बाबीनचं एक टोक तोंडात घालून चघळतेय, लाळ कोपरापर्यंत. तिनं झडप घालून ओढून घेतली. “अहो आई, हे कुठलं घाणेरडं लाकूड देता तिला? तेलकट आहे, जंतू असतील.”

“चावू दे की,” सासूबाई म्हणाल्या. “आम्हीपण चावलीय.”

सुनेनं बाबीन उकळत्या पाण्यात घातली. बाहेर काढताना तिला दिसलं, दोन्ही टोकांना खरंच दातांच्या खुणा होत्या. खोल, एकाच जागी पडलेल्या, उंबऱ्याला खाच पडते तशा. तिला वाटलं, गिरणीतल्या बायकांचा काही खेळ असेल.

*

खिडकीवर अर्जासोबत एक पुस्तिका मिळाली होती. चौतीस पानं, छपाई बारीक. अशी पुस्तिका कुणी वाचत नाही, पण सुनेला झोप न येण्याची आणि छापलेलं सगळं वाचण्याची खोड होती. औषधाच्या बाटलीवरचा कागददेखील ती तीनदा वाची. दुपारी मुलीला पायावर घेऊन डोलवता डोलवता ती अकराव्या कलमापाशी आली आणि तिचा पाय थांबला. पोर लगेच रडू लागली.

“ज्या व्यक्तीने यंत्रावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रत्यक्ष काम केले आहे, तिला प्रशिक्षण न घेता थेट परीक्षेस बसता येईल. अशा व्यक्तीस वयाची व शिक्षणाची अट लागू नाही.”

मुलीला कडेवर घेऊन ती तशीच उन्हातून केंद्रावर गेली. तिथले मास्तर पन्नाशीचे. बोटांवर ग्रीसचे जुने डाग, शर्टाच्या खिशात पाना. त्यांनी पुस्तिका हातात घेतली आणि एक उसासा सोडला.

“खरं आहे कलम. पण खिडकीवर आम्ही ते सांगत नाही.”

“का?”

“बाई, बसा. पोरीला पाणी द्या.” त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. “हे सगळं असं चालतं. राज्याची कौशल्य परिषद असते, तिची आपल्या भागात एक शाखा. त्यात कारखानदार, पाणीखात्यासारखी खाती, कामगार संघटनेचा एक जण, असे बसतात. त्यांनी सांगायचं, आम्हाला अमुक इतकी माणसं लागणार. त्यावर परिषद ठरवते, कुठला वर्ग काढायचा. वर्ग आमच्याकडे येतो. पण आम्हाला पैसे मिळतात ते तीन तुकड्यांत. पोरगं वर्गात बसलं की एक, पास झालं की दुसरा, आणि नोकरीला लागून तीन महिने टिकलं की तिसरा. मग मी कुणाला घेणार? जो टिकणार त्याला. तुमच्या अकराव्या कलमात वर्गच नाही. म्हणजे केंद्राला काहीच नाही.”

“म्हणून खिडकीवर माणसं परत पाठवायची?”

मास्तरांनी पाना खिशातून काढला, परत ठेवला. “पंपाचा वर्गपण नाही माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलं की संगणकावर टंकन करणारे हवेत. तेव्हापासून टंकनच चाललंय. पाणीखातं पंपचालक मागतंय, आणि मी टंकनवाले काढतोय. मलाही दिसतं हो ते.”

“मग परीक्षा कशी मिळते?”

“गिरणीचं पत्र आणा. गिरणी बंद आहे, म्हणजे पत्र नाही. नाहीतर परिषदेची मंजुरी. येत्या मंगळवारी बैठक आहे.” ते दाराकडे बघत हळूच म्हणाले, “बैठकीचा पहिला अर्धा तास लोकांसाठी राखून ठेवलेला असतो. सहा वर्षांत कुणी आलेलं नाही. मी सांगितलं असं म्हणू नका.”

*

मंगळवारी दोघी गेल्या तेव्हा शिपाई गोंधळला. लोकांसाठी अर्धा तास होता, पण लोकांसाठी खुर्ची नव्हती. त्यानं चहाची किटली ठेवायचं बाकडं ओढून दिलं. लांब टेबलाभोवती नऊ जण. अध्यक्ष शीतगृहाचे मालक. ज्यांच्याकडची जागा सुनेनं घालवली होती तेच. मुलगी कडेवर, हातात पुस्तिका, पुस्तिकेत अकराव्या कलमाच्या पानाला केसांची पिन.

“बोला,” अध्यक्ष म्हणाले.

तिनं कलम वाचून दाखवलं.

“यांचं शिक्षण किती?” अध्यक्षांनी विचारलं.

“चौथी.”

टेबलापाशी कुणीतरी नाकातून हसलं. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, मोठे, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. त्यांनी ते उचलून बाकाखाली घेतले.

“साहेब,” ती म्हणाली, “यांनी बावीस वर्षं गिरणीतल्या यंत्रांना तेल दिलं. दहावी झालेलं एखादं यंत्र असेल तर त्याचं मला माहीत नाही.”

आता हसू आलं ते वेगळं. कोपऱ्यात पाणीखात्याचे अभियंता होते, कागदांच्या ढिगामागे वैतागून बसलेले. ते सरसावले. “अध्यक्ष, मी दोन वर्षं पंपचालक मागतोय. मला सत्तावीस टंकलेखक मिळालेत. त्यातला एक पंपघरात आला होता, मोटर सुरू झाल्यावर पळाला. गावाला पाणी कधी देणार म्हणून लोक माझी गचांडी धरतायत. या बाईंची परीक्षा घ्यायला काय जातं आपलं? नापास झाल्या तर विषय संपला.”

“नापास झालं तर दोन वर्षं परत बसता येत नाही,” अध्यक्ष म्हणाले. “बाईंना माहीत आहे?”

सुनेला माहीत होतं. सतराव्या पानावर होतं. सासूबाईंना तिनं ते सांगितलं नव्हतं. ती त्यांच्याकडे वळली, पण त्यांनी अध्यक्षांचे ओठ वाचूनच उत्तर दिलं.

“दोन वर्षांनी मी पंचावन्नची. तेव्हा नाहीच बसणार मी. आत्ताच घ्या.”

संघटनेचे म्हातारे डुलकीतून जागे होऊन म्हणाले, “मंजूर.” हात वर झाले. मोजून सात.

*

परीक्षेला पंधरा दिवस होते. सुनेनं पंपावरचं पुस्तक आणलं, चाळीस प्रश्न काढले, चाळीस उत्तरं लिहिली. टँकरच्या रांगेत, भांडी घासताना, भाजी निवडताना तिचं एकच. “फूटव्हॉल्व्ह म्हणजे काय, आई?”

“शोषणनलिकेच्या अग्रभागी...” सासूबाई सुरू करायच्या आणि अडायच्या. “पुढचं काय ते?”

“आई, अहो काल पाठ होतं.”

“काल होतं. आज बसमधून उतरलं.”

सून चिडायची. मागून विचारलं की सासूबाई उत्तरच देत नसत, तशाच काम करत राहत. सुनेला वाटे, मुद्दाम. या घरात आल्यापासून असंच. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ नाही. शिकलेल्या सुनेला ओ द्यायला कमीपणा वाटतो, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

आदल्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. “मुकादमानं आपल्या सगळ्यांच्या खोलीचं विचारलंय. काय सांगू?”

“उद्या संध्याकाळी सांगते,” ती म्हणाली. त्या रात्री तिनं चाळीस उत्तरं मनात म्हटली. परीक्षा जणू तिचीच होती.

सकाळी सासूबाईंनी गिरणीतला निळा एप्रन घातला. धुऊन धुऊन विटलेला, पण इस्त्री केलेला. त्याच्या खिशात त्यांनी बाबीन ठेवली. सुनेनं पाहिलं, पण बोलली नाही. शकुन म्हणून नेत असतील.

*

केंद्राच्या मागच्या शेडमध्ये तीन पंप मांडले होते. परीक्षक बाहेरगावचे, चष्म्याला दोरी. परीक्षेला दोघंच. सासूबाई, आणि बाजारातला एक पंपदुरुस्तीवाला. तो मास्तरांना सांगत होता, “मला हात लावायची गरज नाही. नुसता कान दिला की कळतं.” पाणीखात्याचे अभियंताही आले होते. सुनेला आत मज्जाव होता. ती मुलीला घेऊन जाळीच्या खिडकीशी उभी राहिली.

आधी तोंडी. परीक्षकांनी वर बघून पहिला प्रश्न विचारला, सासूबाईंनी उत्तर दिलं. मग परीक्षक कागदावर वाकले आणि लिहिता लिहिता विचारलं, “फूटव्हॉल्व्हचं काम काय?”

सासूबाई गप्प.

परीक्षकांनी थोडं थांबून एक शून्य काढलं. सुनेला ते खिडकीतून दिसलं. मग ते उठले, पाठमोरे पंपाकडे चालत म्हणाले, “पंप सुरू करण्याआधी काय तपासाल?”

सासूबाई गप्प.

पाठ होतं ना हे. सकाळी चहा घेताना म्हणून दाखवलं होतं. घाबरल्या. तिनं सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो घाबरलेला नव्हता. त्यांचे डोळे परीक्षकांच्या पाठीवरून खालीवर धावत होते, काहीतरी शोधत होते. ओठ शोधत होते.

सव्वादोन वर्षांचं सगळं एका दमात तिच्या समोर येऊन उभं राहिलं. न दिलेली ओ. तोंडाकडे लावलेली टक. खिडकीवर दिलेला कोपराचा इशारा. आणि सुट्टीच्या दुपारी मुलगी झोपली की सासूबाई पाळण्याच्या दांडीवर हात ठेवून बसायच्या ते. पोरीनं पाळण्यात नुसती चुळबुळ केली तरी त्या उठायच्या. सुनेला वाटायचं, काय कान आहेत. कान नव्हतेच. तो हात होता. बावीस वर्षांच्या गिरणीनं कान केव्हाच खाल्ले होते.

सांगावं तर काढून टाकतील. न सांगावं तर शून्यं पडत राहतील. पण चौतीस पानं तिनं उगीच वाचली नव्हती. ऐकू आलंच पाहिजे असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

“साहेब,” ती जाळीला तोंड लावून म्हणाली, “त्यांना ऐकू कमी येतं. समोर येऊन विचारा.”

शेडमध्ये सगळे थांबले. सासूबाईंनी ते तिच्या ओठांवरून वाचलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मानेपासून वर लाल होत गेला. भर चौकात डोक्यावरची मोळी कुणी ओढून पाडावी, तशी त्यांनी सुनेकडे बघून नजर खाली घातली.

“कलम चौदा,” सून थांबली नाही. “परीक्षार्थीला समजेल अशा रीतीनेच प्रश्न विचारावा.”

परीक्षकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, “आहे तसं. पान एकोणीस.” परीक्षकांनी खुर्ची उचलली, सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि चष्मा वर सारून विचारलं, “फूटव्हॉल्व्हचं काम काय, बाई?”

सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं नाही. पुस्तकातलं उत्तर त्यांनी सोडून दिलं. “तो पाइपाच्या पायाशी बसलेला रखवालदार. पाण्याला आत येऊ देतो, परत जाऊ देत नाही. तो झोपला की पंप नुसता वारा पितो.”

परीक्षकांनी शून्य खोडलं.

मग तीन पंपांची पाळी. कुठल्यात काय खोड आहे ते ओळखायचं. तिन्ही एकदम सुरू झाले. शेडचे पत्रे थरथरू लागले, मुलीनं सुनेच्या खांद्यात तोंड खुपसलं. मास्तरांनी दोघांनाही कानांवर चढवायच्या जाड गुबगुबीत वाट्या दिल्या. नियम होता, चालत्या यंत्राजवळ कान झाकलेच पाहिजेत.

दुरुस्तीवाला आधी गेला. वाट्या चढवल्या आणि त्याचा चेहरा पडला. एका पंपापाशी वाकला, दुसऱ्यापाशी वाकला, वाटी हळूच बाजूला सारायला गेला तर परीक्षकांनी बोट दाखवलं. पंधरा मिनिटांत त्याला एकच खोड सापडली, आणि ती डोळ्यांना दिसणारी होती. बाहेर येऊन म्हणाला, “डोळे बांधून स्वयंपाक करायला सांगण्यातलाच प्रकार आहे हा.”

सासूबाईंनी वाट्या चढवल्या. त्यांच्या लेखी काहीच बदललं नाही. त्यांनी खिशातून बाबीन काढली, एक टोक दातांत धरलं आणि दुसरं टोक पहिल्या पंपाच्या बेअरिंगच्या घरावर टेकवून डोळे मिटले.

“तोंडात काय घालताय?” परीक्षक ओरडले. अर्थात सासूबाईंना ऐकू गेलं नाही.

“राहू दे,” अभियंता म्हणाले. “बघू या.”

सुनेनं पाहिलं, सासूबाईंचा जबडा आवळला गेला. गालाचा स्नायू एकदा उडाला. सूर लागावा तसं काहीसं त्यांच्या कपाळावर पसरलं. गिरणीच्या गडगडाटात कुणालाच कानानं काही ऐकू येत नव्हतं. तिथल्या बायका यंत्राचं दुखणं दातांनी ऐकत. चाटायचं यंत्र म्हणाली होती बाबीनवाली, ते हे.

पहिला पंप. बाबीन काढून त्या म्हणाल्या, “याच्या पोटात वारा शिरतोय. ओढणाऱ्या पाइपाचा सांधा सुटलाय.” मास्तरांनी सांध्यावर साबणाचं पाणी टाकलं, फेस आत ओढला गेला.

दुसरा. “हा लंगडतोय. मोटर आणि पंप एका रेषेत नाहीत.” मोटर थांबवून पट्टी लावली. नव्हते.

तिसऱ्यापाशी त्या फार वेळ थांबल्या. बाबीन एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. तिसरा पंप मुद्दाम बिनखोडीचा म्हणून ठेवलेला होता. त्याला खोड नाही असं सांगता येतं का, हीच त्याची परीक्षा होती. सुनेला हे माहीत नव्हतं, पण मास्तर तिच्याकडे बघून डोळ्यांनी काहीतरी सांगू बघत होते.

“हा आज चालेल,” सासूबाई म्हणाल्या. “उद्याही चालेल. पंधरा दिवसांनी नाही. कोरडा पडलाय आतून.”

“हा चांगला पंप आहे, बाई,” परीक्षक म्हणाले. “यात काही नाही. नीट विचार करून सांगा.”

“सांगितलं.”

“उत्तर बदलायचं असेल तर...”

“यंत्र बदललं तर उत्तर बदलीन.”

परीक्षकांनी पेन उचललं. अभियंत्यांनी ते वरच्या वर धरलं. “उघडा.”

मास्तरांनी पंप थांबवला, खिशातला पाना काढला. चार बोल्ट, झाकण, मग बेअरिंग. त्यांनी त्यात बोट फिरवून वर धरलं. बोटाला चिकट ग्रीस लागायला हवं होतं. लागली ती कोरडी तांबूस पूड.

मास्तर बोटाकडे बघत बोलले. “चार महिने ग्रीसचा डबा आलेला नाही. मागतोय मी. वरून म्हणतात, टंकनाला ग्रीस कशाला लागतं?”

सासूबाई त्यांचे ओठ वाचत होत्या. “मास्तर,” त्या म्हणाल्या, “ज्याला चालवायचंय तो तेल तोडत नाही. तुमच्या साहेबांना विचारा, हे केंद्र चालवायचंय का.”

अभियंत्यांनी वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. सुनेनं जाळी इतकी घट्ट धरली होती की बोटांवर चौकटी उमटल्या होत्या.

*

परतताना दोघी सावली धरून चालल्या. निकाल तिथंच लागला होता. पास, आणि तिसऱ्या पंपाचे पूर्ण गुण. तरी सासूबाई एक पाऊल पुढेच चालत होत्या. वळणावर त्या थांबल्या आणि सुनेच्या समोर आल्या.

“कधीपासून माहीत होतं?”

“आत्ताच कळलं, आई. खिडकीत.”

“मला वाटायचं,” सासूबाई म्हणाल्या, “तुला कळलं तर पोरीला माझ्यापाशी ठेवणार नाहीस.”

सुनेला “छे हो” म्हणायचं होतं. पण ते खरं होतं. तिनं ठेवली नसती. औषधाच्या बाटलीवरचा कागद तीनदा वाचणारी ती. तिनं मुलीला कडेवरून काढलं आणि सासूबाईंच्या कडेवर दिलं. पोरीनं लगेच एप्रनच्या खिशात हात घातला, बाबीन काढली, तोंडात कोंबली.

“जंतू,” सासूबाई म्हणाल्या.

“असू दे,” सून म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. “मुकादमाला नको म्हणून सांगा.”

तो म्हणाला, “आईला दे.”

“त्यांना फोनवर नाही कळायचं. तुम्हीच या. समोर बसून बोला.”

*

पावसाची वाट न बघता पाणी आलं. पहिल्या दिवशी पंपघराबाहेर अर्धं गाव जमलं होतं. निळा एप्रन घातलेल्या सासूबाईंनी कळ दाबली, बाबीन दातांत धरली, डोळे मिटले, आणि मान हलवली. तेवढं झाल्यावर मगच अभियंत्यांनी मुख्य झडप उघडली. त्या दिवसापासून रोज तसंच. आधी मान हलते, मग पाणी सुटतं. टँकरच्या रांगेतले हंडे घरोघरी उलटे पडले.

परिषदेच्या पुढच्या बैठकीला शिपायानं बाकडं पुसून ठेवलं होतं. पण लोक इतके आले की किटली जमिनीवर ठेवावी लागली. गिरणीतल्या अकरा बायका अकराव्या कलमाखाली परीक्षेला बसल्या. नऊ पास झाल्या. शीतगृहाच्या मालकांनी त्यांतल्या दोघींना त्यांच्या यंत्रघरात घेतलं आणि सुनेला म्हणाले, “तुमच्या घरातलं कुणीतरी माझ्याकडे यायचं होतं ना मागे?” तिनं मान खाली घातली, पण हसू लपलं नाही. टंकनाचा वर्ग निम्मा करून पंपाचा वर्ग सुरू झाला. ग्रीसचे दोन डबे आले. वर्गातल्या पहिल्या बाकावर तिचा नवरा बसतो. आठवड्यातून एकदा त्याला शिकवायला पंपघरातून त्याची आई येते, आणि तो चुकला की भर वर्गात बाबीन त्याच्या डोक्यात बसते. दुरुस्तीवाला त्याच बाकावर असतो. तो म्हणतो, कान देण्यापेक्षा दात देणं अवघड.

खिडकीवर आता पाटी आहे. अकरावं कलम, मोठ्या अक्षरांत. रंग सुनेनं स्वतः दिला.

पण त्या बाबीनला दोन टोकं आहेत. एका टोकाला सासूबाईंचे दात उमटलेत, आणि आता थोडे नातीचे. दुसऱ्या टोकाला बाबीनवालीचे. सासूबाई ते टोक कधी तोंडात घेत नाहीत, कुणाला घेऊ देत नाहीत. सून भाचीच्या गावाला जाऊन आली, दोन वीटभट्ट्या पालथ्या घालून आली. बाबीनवाली तिथं नव्हती. तिच्याकडे चार घड्या घातलेला एक कोरा अर्ज आहे. तो अजून चालतो, पुस्तिकेत तसं लिहिलंय.

म्हणून भेटेल त्याला सून एवढंच सांगते, तुम्हालाही सांगते. तुमच्याकडे, भट्टीवर, शेडमध्ये, कुणाच्या तरी ओसरीच्या कडेला अशी एक बाई असेल. बुटकी, डाव्या करंगळीला वरचं पेर नाही, आणि वयावरून विनोद करणारी. एकदा जाऊन तिला बघून या. मागून हाक मारू नका. तिनं ओ दिली नाही तर तिला गर्व आहे असं समजून परत फिरू नका. समोर जा, तिला तुमचं तोंड दिसू द्या. आधी विचारा, जेवलीस का. मग सांगा, तुझं टोक अजून तुझंच आहे.